कानिफसाठी कोण रडलं

कानिफनाथ माझा पाठचा भाऊ. एकाच आईच्या पोटचे आम्ही, पण देवानं माझ्या वाट्याला अंगातली रग दिली आणि त्याच्या वाट्याला गळा. दोन्ही एकाच घरात नांदतं, म्हणून कोल्हारात आमच्या घराचं नाव निघतं. प्रवरेच्या काठानं हिंडून बघा, मळे पुष्कळ दिसतील. कुणाचा ऊस, कुणाचे पेरू, कुणाची मोसंबी. पण भोकरी द्राक्षाचा मळा आमच्या बापानंच आधी लावला. वेलींना आधार म्हणून पांगाऱ्याची झाडं लावली, एकेका झाडाच्या खांद्यावर एकेक वेल. आमच्या मळ्यातला घड हातात घेतला की मनगट खाली येतं. हे मी म्हणत नाही, नगरचे बागवान म्हणतात.

तर कानिफ. तिसरीतच शाळेला रामराम ठोकला. मी चौथी झालेला, त्यामुळं घरात लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडं आणि मोट हाकायचं त्याच्याकडं. अंगानं काटकुळा, मुंडासं कायम एका कानावर कललेलं, कुदळ आणायला पाठवला तर विळा घेऊन येणारा. पण एकदा का विहिरीवर गेला, बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले आणि हा नाड्याच्या दोरावर बसला, की गाणं सुरू. रचायला बसायचा नाही, आठवायचा नाही. विहिरीतून मोट वर यावी तसं गाणं तोंडातून यायचं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "कान्या, कालचं म्हन की," तर म्हणायचा, "कालचं पानी कालच पाटानं गेलं, दादा."

त्याच्या ध्यानात राहायचं नाही, पण लोकांच्या राहायचं. या विहिरीवरून त्या विहिरीवर, तिथून पुढच्या गावाला, गाणं आपल्या पायानं जायचं. आमच्या बैलांना, हौशा आणि पाखऱ्याला, तर इतकी सवय, की कानिफचा आवाज निघाल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. मी स्वतः चाबूक घेऊन बघितलं आहे. माझ्यासारख्या माणसाला ज्यांनी जुमानलं नाही ते बैल त्याच्या गाण्याला जुमानायचे.

शेहेचाळीस सालचा फाल्गुन सरत आला होता. द्राक्षात गोडी भरत होती. मी माल घेऊन नगरला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं कानिफच्या आणि आईच्या तोंडून ऐकलेलं. पण त्या दोघांपेक्षा मी बरं सांगतो, असं तेच म्हणतात.

त्या दिवशी सकाळी कानिफ विहिरीवर गेला. बैल जुंपायच्या आधी त्यानं सहज वर बघितलं. विहिरीवरच्या पांगाऱ्याला लालभडक फुलं आली होती आणि फांदीवर कावळ्यांची जोडी होती. कावळा-कावळीनं एकांतात जे करायचं ते ती दोघं उजेडात करत होती. कानिफ बघत राहिला. मग त्याला आठवलं की हे माणसानं बघायचं नसतं.

बघितलं तर बघितलं, गप्प तरी बसावं. पण याच्या पोटात काही राहत नाही. न्याहारीला घरी आला आणि तांब्याभर पाणी पिता पिता आईला सांगून मोकळा झाला.

आई, साळूबाई, भाकरी थापत होती. तिचा हात तसाच पिठात राहिला.

"खरं सांग कान्या, कावळंच हुतं का?"

"कावळंच. पारवं काळं असत्यात व्हय?"

"आन् तू बगत बसलास?"

"बगितलं म्हनून तर कळलं कावळं हायेत."

आमच्याकडं समजूत अशी, की कावळ्यांचं ते मीलन ज्यानं बघितलं त्याचं वर्ष धड जात नाही. त्याला उपाय एकच. त्याच दिवशी लांब राहणाऱ्या नातेवाइकाकडं सांगावा धाडायचा, की अमका गेला. ते माणूस खरं समजून रडलं, डोळ्यांतून पाणी आलं, की मरण फसतं आणि माघारी जातं. मग लगेच सांगायचं, की जिवंत आहे, काळजी करू नका. काष्टीच्या आमच्या मामानं हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. कावळे बघितले, सांगावा धाडला नाही, आणि दिवाळीच्या आत मामा गेला, मामी उघडी पडली. आईनं त्या भावाला पाठीशी घालून वाढवलेलं. शिवाय कानिफचं लगीन वैशाखात धरलेलं. तिनं तवा खाली उतरवला आणि आमच्या चुलतभावाला, श्रीमंतला, हाक मारली.

श्रीमंत म्हणजे सांगितलेल्या कामाचा माणूस. सांगाल तेवढं करील, तसूभर जास्त नाही, तसूभर कमी नाही.

"राहुरीला जा," आई म्हणाली. "केशरमावशीला सांग, कानिफ गेला म्हून. ती रडली का मगच सांगायचं, जित्ता हाय. कुनाच्या तरी डोळ्याला पानी येस्तवर तुज्या तोंडातून निघता कामा न्हाई, की त्यो जित्ता हाय. निघालं का समदं वाया. कळलं का?"

"कळलं."

"आन् त्वांड पाड जरा."

"काकू, ह्येच त्वांड हाय माजं."

श्रीमंत सर्व्हिस मोटारीनं गेला. मग आई कानिफकडं वळली. "तू मळ्यात जाऊन बस. कुनाला दिसू नगस. आन् गाऊ नगस. मेलेलं मानूस गात न्हाई."

"मंग मोट?"

"हाक की मुक्यानं."

मुक्यानं मोट कशी हाकणार? कानिफनं बैल जुंपले, दोऱ्या हातात घेतल्या, चुचकारलं. हौशानं मान वळवून बघितलं. पाखऱ्या शेपटी हलवत उभा राहिला. दोघांचं पाऊल हलेना. कानिफनं ओठ दाबून नुसतं गुणगुणून बघितलं, तसा हौशा दोन पावलं गेला आणि फसवणूक कळल्यासारखा थांबला. शेवटी कानिफनं बैल सोडून सावलीला बांधले आणि स्वतः वेलींच्या खाली जाऊन आडवा झाला. ऐन गोडीच्या दिवसांत मळ्याला पाणी नाही. मोट ओतायचं थारोळं कोरडं, पाट कोरडा.

आधी त्याला गंमत वाटली. वर घड लोंबताहेत, पानांतून ऊन गळतंय, आणि आपण मेलेले. पण दुपार चढली तसं बरं वाटेना. गळ्यात गाणं येऊन बसलेलं, ते बाहेर काढता येत नाही. त्यात आईचा चेहरा आठवायचा. तिचं नवऱ्यासाठी रडून झालं होतं, भावासाठी रडून झालं होतं. आज कुणी रडलं नाही तर ती वर्षभर याच्याकडं बघून रोज थोडी थोडी मरणार, हे त्याला कळत होतं. त्याचा कावळ्यावर विश्वास नव्हता. पण आईवर होता. मावशी, तेवढं रड बाई, असं तो मनात म्हणत होता.

तिकडं राहुरीत, श्रीमंतनं मागून सांगितलं तसं, मावशी कुरडया वाळत घालत होती. श्रीमंतनं अंगणात उभं राहून सांगितलं, "मावशी, कानिफ गेला."

मावशीनं हातातली कुरडई नीट मांडली. "कावळा दिसला वाटतं."

श्रीमंत कुरडया बघायला लागला.

"मागल्या सालाला थोरल्यासाठी आसंच सांगत आलता तुमी. रडून रडून घसा बसला माजा. दुसऱ्या दिशी त्योच थोरला दारात हुबा, 'मावशी, चा ठेव' म्हनत. आता न्हाई फसायची म्या. बस, दोन घास खाऊन जा."

मावशी माझ्यासाठी रडली होती तेव्हा निम्मी गल्ली गोळा झाली होती, हे खरं आहे. त्या रडण्याची अजून राहुरीत आठवण काढतात. पण त्यामुळं कानिफच्या वाट्याचं रडणं संपलं, त्याला काय करणार? श्रीमंत जेवला आणि परतीच्या मोटारीत बसला.

त्याच मोटारीत एक परका पोरगा होता. विशीबाविशीचा, गोरापान, दाट भुवया, डोक्यावर टोपी नाही, मांडीवर कातडी पिशवी. नाव फरीदून. मुलूख इराणातला, गाव शिराज. शेतीचं शिक्षण घ्यायला आगबोटीनं मुंबईला उतरलेला आणि दीड वर्षापासून पुण्याला शेतकी कॉलेजात शिकणारा. त्याच्या बापाचे तिकडं द्राक्षमळे. कॉलेजच्या शेतावर मोट हाकणारे गडी आमच्या नगरकडचे. त्यांच्या तोंडून त्यानं एक गाणं ऐकलं, अर्थ विचारून घेतला, रचणाऱ्याचं नाव विचारलं. सुटी लागली तसा तो निघाला. कोल्हारचा मळा बघायचा आणि शायराचं घर बघायचं.

त्यानं श्रीमंतला विचारलं, "कोल्हार में कानिफनाथ शायर. आपको मालूम?"

आता श्रीमंतचं डोकं कसं चाललं बघा. काकूनं सांगितलेलं, कुणाच्या तरी डोळ्याला पाणी येईस्तोवर जिवंत म्हणायचं नाही. कुणाच्या तरी, म्हणाली होती. मावशीचे डोळे कोरडे. म्हणजे हुकूम अजून चालू.

"वो गया," श्रीमंत म्हणाला.

"किधर गया?"

श्रीमंतनं मोटारीच्या टपाकडं बोट दाखवलं. पोरानं टपाकडं बघितलं, मग श्रीमंतकडं बघितलं. श्रीमंतचं ते जन्माचं पडलेलं तोंड तिथं कामाला आलं.

"कब?"

"आज सकाळी."

पोरानं पिशवी छातीशी धरली. कोल्हार येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिला. डोळ्यांत पाणी नाही. श्रीमंत चोरून बघत होता. उतरल्यावर पोरगा म्हणाला, त्याचा मळा दाखव, मग त्याचं घर दाखव. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? श्रीमंत त्याला घेऊन मळ्यात आला.

कानिफला पावलं वाजलेली ऐकू आली. वेलींच्या फटीतून बघतो तर श्रीमंत आणि पाठीमागं कुणी साहेबासारखा. तो पोटावर सरकत पांगाऱ्याच्या बुंध्याआड गेला. श्रीमंतला त्याचे पाय दिसले, तसा तो मध्ये धोतर पसरून उभा राहिला.

पोरगा एका पांगाऱ्यापाशी थांबला. त्याच्या मुलखात वेल जमिनीवर पसरते, तिला झाडाचा खांदा कुणी देत नाही. त्यानं बुंध्यावर हात ठेवला, काटा लागला तरी हात काढला नाही, वर गेलेली वेल मानेनं मापली.

"ये पांगारा? येच?"

"येच," श्रीमंत म्हणाला.

"अब समझा," पोरगा म्हणाला आणि बराच वेळ त्या झाडापाशी उभा राहिला. मग त्यानं एकच मणी तोडला, खाल्ला. विहिरीवर गेला, कोरडं थारोळं बघितलं, सावलीला बांधलेले बैल बघितले. "शायर गया तो पानी भी बंद?"

श्रीमंतनं मान हलवली. ते तर खरंच होतं.

पोरानं विहिरीवरच्या झाडाखाली पडलेली लाल फुलं रुमालात गोळा केली. कानिफ हे सगळं बुंध्याआडून बघत होता. हा कोण, कुठला, माझ्या मळ्यात कशाला फिरतो, माझ्या झाडाखालची फुलं कुणासाठी वेचतो, त्याला काही उमजेना. ते दोघं घराकडं निघाले तसा तो घायपाताच्या कुंपणाच्या आडोशानं मागं निघाला.

आई ओट्यावर बसली होती. श्रीमंतला एकटं गाठून विचारायचं, केशर रडली का. पण बरोबर पाहुणा. तिनं डोळ्यांनीच विचारलं. श्रीमंतनं मान आडवी हलवली. आईच्या तोंडावरचा रंग गेला. कुंपणाआडून कानिफनं तो जाताना बघितला.

पोरानं बूट लांबच काढले. उंबऱ्यापाशी येऊन गुडघे टेकले. त्यांच्याकडं शायर गेला की त्याचं घर आणि त्याची कबर साऱ्या गावाची होते. लोक संध्याकाळी बायकापोरं घेऊन जातात, सतरंजी टाकतात, त्याचंच गाणं त्याला म्हणून दाखवतात. ही त्यांची रीत. रुमालातली फुलं त्यानं आमच्या उंबऱ्यावर मांडली. पिशवीतून लहानशी बाटली काढली आणि फुलांवर गुलाबपाणी शिंपडलं.

"आरं ह्ये काय करतूय," आई श्रीमंतला म्हणाली. "जित्या मानसाच्या दारात फुलं?" पण तिचाच हुकूम तिला आठवला आणि तिनं तोंडाला पदर लावला.

मग तो पोरगा म्हणायला लागला. चाल थोडी त्यांच्याकडची, शब्द मोडके, पण शब्द आमचे.

"पांगारा म्हने येलीला, धर माझ्या खांद्याला,
तुझा भार मी सोशीन, गोडी ऱ्हाऊ दे घडाला."

कुंपणाआड कानिफ जागच्या जागी बसला. हे आपलंच, एवढं त्याला कळलं. कधी म्हटलं होतं? कुठल्या उन्हाळ्यात? बाप अंथरुणाला खिळलेला होता तेव्हा, की त्याच्याही आधी? पाटानं गेलेलं पाणी. ते पुण्यापर्यंत गेलं आणि या परक्या लेकराच्या तोंडून माघारी दारात आलं.  गळा दिवसभर दाबून धरलेला, आता उघडला असता तरी आवाज निघाला नसता.

पोरानं तेच पुन्हा म्हटलं. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज अडला. तो थांबला, ओठ मिटले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मान खाली घालून तो गपचीप रडत राहिला.

आई ओट्यावरून उतरली. पोराच्या समोर वाकली आणि हनुवटीला हात लावून त्याचं तोंड वर केलं. खरंच पाणी आहे का, ते नीट बघितलं. बोटानं एक थेंब टिपला. मग कंबर सरळ करून तिनं हाक मारली.

"कान्या, ये रं भायेर."

कुंपणातून कानिफ बाहेर आला. डोक्यात पालापाचोळा, गुडघ्याला माती, मुंडासं नेहमीसारखं एका कानावर.

पोरगा उठून उभा राहिला. "ये कौन?"

"येच तो," श्रीमंत म्हणाला.

"वो तो मर गया."

"हां. अब जित्ता हुवा."

पोराच्या कानाची पाळी लाल झाली. आपली चेष्टा केली असं त्याला वाटलं. तो बुटांकडं वळला. तेव्हा आईनं त्याचा हात धरला, ओट्यावर बसवला आणि कावळ्यापासून कुरडयांपर्यंत सगळं आपल्या मराठीत सांगितलं. भावाचं सांगितलं. वैशाखातल्या लग्नाचं सांगितलं. श्रीमंत मधूनमधून हिंदुस्थानी लावत होता, पण त्याची गरज पडली नसावी. शेवटी ती म्हणाली, "लेकरा, रक्ताची मावशी रडली न्हाई. तू रडलास. माजा पोरगा तू राखलास. आता तुला राग आला आसंल तर माज्यावर काढ, त्याच्यावर नगं."

पोरगा उंबऱ्यावरच्या फुलांकडं बघत राहिला. मग कानिफकडं. मग हळूहळू त्याचं तोंड सैल झालं.

"हमारे उधर मैं बहोत शायर के पास गया," तो म्हणाला. "फूल रखा, उसका गाना बोला. कोई उठके नहीं आया. आज पहला आया."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. मी तिथं नव्हतो तरी. पार इराणातून आलेला, द्राक्षात जन्मलेला, कॉलेजात शिकलेला माणूस आमच्या दारात बसून असं बोलला. कोल्हारात कुणाच्या घराला हे भाग्य आलंय, दाखवा.

तो म्हणाला, आता तू म्हण, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. कानिफ लाजला. मान खाजवली. "घरात न्हाई येत मला. बैलं लागत्यात."

"मतलब?"

"मतलब सकाळी मोटंवर या. आन् ती वळ, गोडी ऱ्हाऊ देची, ती मला परत येकदा सांगा. मी इसरलो."

मग परक्या मुलखातल्या त्या पाहुण्यानं कानिफला कानिफचं गाणं शिकवलं. आईनं वांग्याचं भरीत केलं, बाजरीची भाकरी केली, दुधाचा तांब्या भरून ठेवला. फुलं मात्र तिनं उंबऱ्यावरून उचलली नाहीत. पाहुण्याचा मान म्हणून राहू दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसं कानिफनं बैल जुंपले. पाहुणा थारोळ्याच्या कडेला बसला. कानिफनं नाड्यावर बूड टेकलं, गळा मोकळा केला, आणि पहिला सूर निघाला तसे हौशा-पाखऱ्या धावेवरून असे उतरले, जणू कालचा दिवस मध्ये आलाच नव्हता. मोट भरून वर आली, थारोळ्यात पाणी ओतलं, पाटानं वेलींकडं निघालं. कानिफनं पांगाऱ्याचं गाणं म्हटलं. आणि त्याच चालीवर, ठरवल्याशिवाय, पुढचं आलं.

"नव्हतं नातं न गोतं, पाव्हना रडला दारात,
येक येल वाढली गं आज आमच्या मळ्यात."

तेवढ्यात सडकेकडून एक आवाज आला. आधी वाटलं कुणाची गाडी करकरते. मग शब्द कळायला लागले. "कानिफा रं, माज्या राज्या, मावशीला सोडून कसा गेलास रं." केशरबाई. काल दिवसा तिनं हसण्यावारी नेलं, पण रात्री तिला झोप लागली नाही. खरंच गेला असला तर? म्हणून पहिल्या मोटारीनं निघाली आणि कोल्हारला उतरल्यापासून ऊर बडवत मळ्याच्या वाटेनं येत होती. असं रडणं राहुरीनं माझ्या वेळेलाही ऐकलं नव्हतं.

बैल थांबले, कारण कानिफचं गाणं थांबलं. मावशी बांधावर आली, नाड्यावर बसलेला भाचा बघितला, आणि तिचा हात छातीवरच राहिला.

"मावशी," कानिफ म्हणाला, "काल रडली आसतीस तर?"

"मुडद्या," मावशी म्हणाली आणि मटकन धावेवर बसली.  मग पाटाजवळ सरकली, ओंजळ भरून तोंडावर पाणी मारलं. पाहुणा उठला, पिशवीतली बाटली काढली आणि उरलेलं गुलाबपाणी तिच्या ओल्या हातांवर ओतलं. हा कोण, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. तळवे तोंडाशी धरून वास घेत बसली.

"म्हन की," ती म्हणाली. "थांबलास कशाला? बैलं हुबी ऱ्हायलीत."

कानिफनं दोऱ्या उचलल्या.